उजेडाची बारी

डोंगरांनी वेढलेल्या एका छोट्या राज्यात माथणी नावाचं गाव होतं, आणि त्या गावात मोरशेट नावाचा एक तेलाचा व्यापारी राहत होता. तेल खाण्याचं नव्हे, दिव्याचं. तो राज्याबाहेरच्या बंदरावर जाई, तेलाचे डबे खेचरांवर लादून घाट चढून माथणीला आणी आणि तिथून खाली दुधाळी नदीच्या दरीत उतरून गावोगाव विकी. दरीत जिथे जिथे दिवा लागे, तो मोरशेटच्या तेलावर लागे. याचा त्याला भारी अभिमान होता. अभिमान लपवून ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

राज्य गरीब होतं, पण नदी श्रीमंत होती. माथणीच्या वर दुधाळी कड्यावरून अशी कोसळे की शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागे. पूर्वजांनी कड्याखाली बंधारा घालून पाट काढला होता. तो पाट माथणीपासून निघे आणि एकेका गावाच्या शिवारातून वळणं घेत दरीच्या पार टोकाला जाई. टोकाला बोरटोक नावाची वाडी होती. जमीन खडकाळ, माणसं थोडी, आणि त्यांच्याकडे बघायला कोणाला फुरसत नाही, अशी ती वाडी.

पण पाण्याच्या बाबतीत या दरीची रीत जगाच्या उलटी होती. पाट सुटला की पहिलं पाणी बोरटोकला. मग तिथून वर चढत एकेका गावाची बारी येई, आणि बंधाऱ्याला खेटून असलेल्या माथणीची बारी सगळ्यांत शेवटी. डोळ्यांदेखत पाणी पुढे जाई आणि माथणीची माणसं हाताची घडी घालून बघत. बाहेरच्याला हा शुद्ध वेडेपणा वाटे. पण त्यात शहाणपण होतं. वरच्याने आधी पोटभर घेतलं की खाली पाट कुठे फुटला याची त्याला फिकीर राहत नाही. खालच्याला आधी दिलं की सगळ्यांचा जीव पाटात अडकतो. पाणी बोरटोकला पोचल्याशिवाय आपली बारी यायची नाही, म्हणून जो तो आपल्या शिवारातली गळती न सांगता बुजवतो. दरीत पाट फोडून पाणी चोरणारा कधी जन्मलाच नाही असं नाही. पण अशा माणसाशी त्याची पोरंसुद्धा बोलत नसत.

मोरशेट तेल घ्यायचा तो बंदरावरच्या केशवशेटच्या पेढीवरून. केशवशेट बंदरकर हे बडं प्रस्थ होतं. एका वर्षी मोरशेट गेला तर केशवशेटच्या दिवाणखान्यात विजेचे दिवे लागलेले. वात नाही, काजळी नाही, वास नाही. मोरशेट आ वासून बघत राहिला. ही वीज कुठून येते, असं त्याने विचारलं. दूरच्या एका धरणाच्या पाण्यावर तयार होते, असं केशवशेटने सांगितलं आणि मिशीतल्या मिशीत हसत पुढे म्हणाला, "तुमच्याकडेही नदी आहे म्हणे. छान. तुम्ही तिची पूजा करा, आणि दिव्यासाठी आमच्याकडे येत जा."

जमलेली मंडळी हसली. मोरशेटही हसला. पण घाट चढताना त्याला ते शब्द आठवत राहिले आणि कान तापत राहिले. आपल्या देशाला नावं ठेवलेली त्याला खपत नसत. स्वतः ठेवली तर गोष्ट वेगळी.

त्याच सुमारास राजाने दवंडी पिटवली. तिजोरी रस्त्यांत आणि दवाखान्यांतच आटत होती, वीजघर बांधायला सरकारपाशी काही उरत नव्हतं. म्हणून राजाने जाहीर केलं, की जो कोणी स्वतःच्या भांडवलावर दुधाळीवर वीजघर बांधेल, त्याने ते एक पिढी चालवावं, योग्य तो नफा घ्यावा आणि मग दरीतल्या लोकांच्या हवाली करावं. परदेशचे व्यापारी आले. त्यांनी घाट बघितला, त्यांना धाप लागली, ते परत गेले. केशवशेटचा मुनीमही येऊन मान हलवून गेला.

मग मोरशेट दरबारात उभा राहिला. राजाने त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "वीज आली तर तुझं तेल कोण घेईल?"

"कोणी नाही, महाराज," मोरशेट म्हणाला. "दुसऱ्या कोणी माझा धंदा बुडवावा, त्यापेक्षा मीच बुडवतो."

राजाला हसू आलं आणि परवानगी मिळाली.

राजाने परवानगी दिली तरी नदी दरीची होती. पाटाकाठी सभा भरली. आपलं पाणी जाईल, ही सगळ्यांना पहिली भीती. मोरशेटने समजावून सांगितलं, की पाणी कड्यावरून नळातून खाली येईल, चक्र फिरवेल आणि जसंच्या तसं पाटात परत पडेल. ते लोकांना पटलं. मग पाटाची दारं उघडणारा, बाऱ्या सांभाळणारा कोंडाजी पाटकरी उभा राहिला आणि त्याने एकच अट घातली.

"पान्याला जी रीत, तीच इजेला. पयला दिवा बोरटोकला. कबूल आसंल तर नदी तुमची."

मोरशेट पेचात पडला. सुरुवातीला बसणार होतं ते चक्र लहान. त्याची वीज एखाद्या गावापुरती, फार तर दोन. मिळकतीतून पुढची चक्रं बसवायची, असा त्याचा बेत होता. मग पहिली वीज द्यायची कोणाला? माथणीला, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. माथणीत बाजार होता, तेलघाणे होते, भातगिरण्या होत्या. बोरटोकला काय होतं? शिवाय मोरशेटने मनातल्या मनात स्वतःच्या घराला दिव्यांची माळ केव्हाच लावून ठेवली होती. पण सगळी दरी त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि काही झालं तरी तो त्याच पाटाच्या पाण्यावर वाढलेला होता. त्याने पाटाचं पाणी ओंजळीत घेतलं आणि कबूल म्हटलं. घरी पोचेपर्यंत त्याला त्याचा पस्तावाही झाला होता.

काम सुरू झालं. मोरशेटने वखार विकली, आमराई विकली. दरीतल्या ज्यांच्या गाठीला काही होतं त्यांनी पैसे घालून वीजघरात भाग घेतले, ज्यांच्या गाठीला काही नव्हतं त्यांनी खांदे दिले. बंदरावरून यंत्रं आली ती घाटाच्या पायथ्याशी अडली. चढ बघून बैल बसले ते उठेनात. मग गावंच्या गावं खाली उतरली, दोरखंड बांधले आणि ते लोखंडाचं धूड माणसांनी हाताने ओढून वर आणलं. पुढे कितीतरी दिवस दरीत कोणी कोणाला भेटलं की तळहात उघडून दाखवी. तळहातावरचे घट्टे लोक दागिन्यांसारखे मिरवत होते, आणि त्यांनी मिरवावेतच. आपल्या हाताने उभं केलेलं काम मिरवायचं नाही तर काय मिरवायचं?

वीजघर उभं राहिलं. चक्र फिरलं. आवारात चाचणीसाठी एक दिवा लागला, तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी डोळे पुसले. आणि नेमकं तेव्हाच भांडवल संपलं. खांब नाहीत, तार नाही. वीज तयार, आणि तिला जायला वाट नाही.

ही बातमी बंदरावर पोचायला वेळ लागला नाही. केशवशेट स्वतः घोड्यावर बसून घाट चढून आला. उरलेला सगळा खर्च मी करतो, म्हणाला. अट एवढीच, की पहिली वीज माथणीच्या बाजाराला आणि गिरण्यांना द्यायची. खालच्या वाड्यांचं पुढे सावकाश बघू. केशवशेट वाईट माणूस नव्हता. तो आपल्या अनुभवाचं बोलत होता.

"मोरशेट, मी बंदरावर रोज बघतो," तो म्हणाला. "तार लोकांच्या डोक्यावरून गेली आणि घरात दिवा नसला, की लोक तारेवर आकडे टाकतात. बोरटोकपर्यंत तार न्याल आणि वाटेतच सगळी वीज चोरीला जाईल. तुम्ही बुडाल आणि नदीचं नावही बुडवाल."

मोरशेटला हे खोटं म्हणता येईना. नाही म्हणावं तर वीजघराला गंज चढणार, लोकांचे भाग मातीत जाणार आणि दरीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. हो म्हणावं तर सगळं सुरळीत, फक्त दिलेला शब्द तेवढा मोडायचा. विचार करतो म्हणून तो उठला आणि पाय नेतील तिकडे निघाला. पायांनी त्याला पाटावर नेलं.

ते दिवस रोपांना पाणी द्यायचे होते. माथणीचे शेतकरी पाटाच्या कडेने बसले होते. त्यांच्यामागे त्यांची रोपं माना टाकून उभी होती. पुढ्यातून भरला पाट खळाळत बोरटोककडे चालला होता. एक माणूस उठला, तेव्हा मोरशेटला वाटलं आता हा बांध फोडतो. त्या माणसाने पाटात उतरून अडकलेला पाचोळा काढला, पाणी मोकळं केलं आणि परत येऊन बसला. मोरशेट बराच वेळ तिथे उभा होता. आपण कुठल्या मातीत जन्मलो हे त्याला नव्याने समजलं.

त्याने परत येऊन केशवशेटपुढे हात जोडले. "शेटजी, तुमचा पैसा मोठा आहे. पण मी शब्द आधीच दिलाय."

"मग बसा अंधारात," केशवशेट म्हणाला आणि घोड्यावर बसला.

मोरशेटने सभा बोलावली आणि काही न लपवता सांगून टाकलं, की पैसा संपला आहे आणि खांब घेण्याची आपली ऐपत नाही.  मग माथणीचीच एक बाई उठली. वीज सगळ्यांत शेवटी यायची होती ती तिच्याच गावाला. ती म्हणाली, "खांब काय आभाळातून पडत्यात व्हय? ज्याच्या त्याच्या शिवारातलं खांब ज्यानं त्यानं रवायचं."

आणि तसंच झालं. प्रत्येक गावाने आपल्या रानातली सरळ झाडं निवडली, वाळवी लागू नये म्हणून बुडखे जाळून घेतले आणि आपल्या हद्दीतले खांब उभे केले. कुठल्या गावचे ताठ, कुठल्या गावचे जरा कलते. कोणाचे खांब चांगले यावरून गावागावांत चढाओढ लागली आणि थोडी भांडणंही झाली. तारेसाठी मोरशेटने आपली सगळी खेचरं विकली. त्या दिवशी त्याचा तेलाचा धंदा संपला. हंगाम संपायच्या आत तार बोरटोकला पोचली.

बोरटोकमध्ये पारूआत्या म्हणून एक वृद्ध बाई होती. पहिला दिवा तिच्या घरी लागला. लोकांना वाटलं, आता ती दिव्याला नमस्कार करणार. ती उंबरठ्याबाहेर आली, तिने वरच्या अंधारातल्या गावांकडे तोंड केलं आणि त्यांना हात जोडले.  

इकडे मोरशेटच्या घराला वीजघराची भिंत खेटून होती. चक्राची घरघर दिवसभर त्याच्या कानात, आणि घरात मात्र तेलाचा कंदील. मालकाच्या घरी अंधार बरा दिसत नाही, असं वीजघरातल्या कारागिराला वाटलं. त्याने आपण होऊन एक तार ओढली आणि मोरशेटच्या ओसरीवर दिवा लावला. मोरशेट खूश झाला. पगडी नीट करून, मांडी ठोकून तो त्या दिव्याखाली बसला. त्याची बायको सगुणाबाई कंदील घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने वर बघितलं, नवऱ्याकडे बघितलं.

"बोरटोकनंतर एकदम आपलीच बारी आली होय?"

एका दिव्याने काय होतंय, आणि कोणाला कळतंय, असं मोरशेट पुटपुटला.

"दरीला नाही कळायचं," सगुणाबाई म्हणाली. "पण तारेवर आकडा टाकू नका म्हणून उद्या तुम्ही लोकांना सांगायला उठाल, तेव्हा तुमच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मी ओळखते तुम्हाला."

मोरशेट उठला आणि त्याने आपल्या हाताने ती तार उतरवली. मग रागाने जेवला नाही. मग भूक लागली तेव्हा जेवला. कारागिराला मात्र त्याने बजावलं, की माथणीची बारी येईपर्यंत या घराकडे तार वळली तर तुझी नोकरी गेली.

त्या पावसाळ्यात वादळ आलं आणि मधल्या एका गावातले खांब आडवे झाले. मोरशेट माणसं आणि हत्यारं घेऊन धावत गेला. जाऊन बघतो तर बाया-पुरुष चिखलात उभे राहून खांब वर चढवत होते. त्यांच्या घरांत अजून वीज नव्हती. पण बोरटोकचा दिवा विझला तर आपली बारी लांबणार, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. तारेवर आकडा तर कोणी टाकलाच नाही. नवं चक्र बसलं की उजेड एक गाव वर चढे. जिथे चढे तिथे पिठाच्या गिरण्या सुरू होत, माग चालू होत. लोक विजेचे पैसे मागण्याआधी आणून देत, आणि पैसे नसले तर धान्य आणून देत. त्या मिळकतीतून पुढचं चक्र येई. असा उजेड पाण्यासारखाच बारीबारीने वर येत राहिला.

बंदरावर केशवशेटला दिसलं ते वेगळंच. दुधाळीच्या दरीतून तेलाची मागणी वर्षागणिक घटत चालली होती. लोकांपाशी तेलालाही पैसा उरला नाही, असा त्याने अर्थ लावला. मग दिवसाउजेडी माथणीला माल टाकून परतणाऱ्या एका खेचरवाल्याने सांगितलं, की मोरशेटच्या घरी मात्र अजून तेलाचा डबा जातो. झालं. वीजघराचा मालकच तेल जाळतोय म्हटल्यावर केशवशेटची खात्री पटली. थोडी दया, थोडा धंदा अशा विचाराने तो पुन्हा घाट चढून आला.

तो पोचला तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. माथणी गाव अंधारात होतं. ओसरीवर सगुणाबाई कंदिलाची काच पुसत होती. मोरशेटने पाहुण्याचं स्वागत केलं, पाणी दिलं. केशवशेट गळा खाकरून म्हणाला, "मोरशेट, मी तेव्हाच सांगितलं होतं. झालं ते झालं. वीजघर माझ्या हाती द्या. लोखंडाची किंमत तरी पदरात पडेल."

 मोरशेटने केशवशेटचा हात धरला आणि त्याला अंगणाच्या कडेला नेलं. तिथून खाली सगळी दरी दिसत होती.

बोरटोकपासून थेट माथणीच्या खालच्या गावापर्यंत दिवेच दिवे लागलेले होते. एकही गाव सुटलेलं नव्हतं. खालून मागांचा खटखटाट येत होता. केशवशेट बंदराच्या झगमगाटाला सरावलेला माणूस, पण तोही एकेक गाव बोटाने मोजत राहिला.

"मग तुम्ही अंधारात का?" त्याने शेवटी विचारलं.

"आमची बारी अजून यायची आहे."

केशवशेटने वर बघितलं. अंधाऱ्या माथणीच्या छपरांवरून, मोरशेटच्या स्वतःच्या छपरावरून तार खाली गेली होती. तिच्यावर एकही आकडा नव्हता. एवढ्या गावांतून, एवढ्या वर्षांत कोणी टाकला नाही का, असं त्याने हळू आवाजात विचारलं.

"ज्याला बारीचा भरवसा आहे, तो आकडा कशाला टाकेल?" मोरशेट म्हणाला. हे म्हणताना त्याची मान जी ताठ झाली, ती राजापुढेही तशी झाली नव्हती.

केशवशेट ओसरीवर येऊन बसला. त्याने विचार केला. दुधाळीवर खाली आणखी एक कडा होता, तिथे दुसरं वीजघर होऊ शकत होतं, आणि लोकांनी आपण होऊन एवढं राखलेलं काम त्याने दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं. आपलं भांडवल त्यात घ्याल का, असं त्याने विचारलं. पूर्वी तो अटी घालायला आला होता. या वेळी अटी विचारत होता.

"घेऊ की," मोरशेट म्हणाला. "नफ्यातला तुमचा वाटा वेळच्या वेळी मिळेल. पण उजेड आधी शेवटच्या वाडीला जाईल, आणि तुमची माझी बारी सगळ्यांच्या नंतर. हे मान्य असेल तर नदी तुम्हालाही परकी नाही."

केशवशेटने एकदा त्या दरीकडे बघितलं आणि कबूल म्हटलं.

सगुणाबाईने दोघांची पानं मांडली आणि मधे कंदील आणून ठेवला. "पोटभर जेवा, शेटजी," ती म्हणाली. "तेल तुमच्याच पेढीचं आहे."

तात्पर्य: जो आपली बारी शेवटी ठेवतो, त्याच्या कामाची राखण सगळे करतात, आणि ज्या कामाची राखण सगळे करतात, त्यात घातलेलं भांडवल बुडत नाही.